खायचे दात वेगळे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय सर, बाई, आणि आज कित्येक वर्षांनी मला माझ्या खऱ्या नावानं नव्हे तर टोपणनावानं हाक मारणाऱ्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय कोणता, असं विचारलं तर म्हणाले, “तुझ्या कामातलं काहीतरी सांग. फक्त आपलं भाषण जेवणाच्या आधी आहे एवढं लक्षात ठेव.” मी गुरांचा डॉक्टर. माझ्या कामात जेवणाआधी सांगण्यासारखं फारसं काही नसतं. आज मी घोडीच्या एका सडक्या दाढेची गोष्ट सांगणार आहे. तिच्यात पू आहे, वास आहे, आणि माझी एक मोठी चूकही आहे. तेव्हा आधीच माफी मागतो.

घोडी झरीची आहे. तिचा मालक आपल्याच वर्गातला, शेवटच्या बाकावरचा. आत्ताही तो शेवटच्याच रांगेत बसला आहे. नववीत शाळा सुटली त्याची. आता सगळे त्याला घोडेवाला म्हणतात. त्याची परवानगी घेऊनच बोलतो आहे. “सांग, पण तुझी चूकसुद्धा सांग,” या अटीवर त्यानं ती दिली आहे.

झरी म्हटलं की बाहेरच्या माणसाला काही आठवत नाही, पण आपल्याला आठवतं. २३ मे १९४५ ला आपल्या गावात वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करणार नाही असं आपल्या आजोबा-पणजोबांनी ठरवलं. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. मागणी होती, ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. डोंगरावरचं हे गवत मुंबईच्या तबेल्यांसाठी कापलं जायचं. जनावर मुंबईचं, गवत आपलं, आणि कापणारा हात वारल्याचा. घोडा बाळगणं ही मात्र आपल्या पाड्यावरची गोष्ट नव्हती. आपल्याकडे बैल, शेळ्या, कोंबड्या. वारल्यांच्या लग्नात नवरदेवाला घोडी लागत नव्हती. म्हणून आपल्या मित्रानं सहा वर्षांपूर्वी बचत गटाचं कर्ज काढून सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणली, तेव्हा गाव हसलं होतं. पण त्याचा हिशोब पक्का होता. डहाणू, उंबरगाव, वापी या पट्ट्यात लग्नं भरपूर, वराती भरपूर. पहिल्या दोन हंगामांत निम्मं कर्ज फिटलं आणि गावाचं हसणंही थांबलं.

सारंगखेड्याला घोडा घेताना माणसं काय बघतात? पाय बघतात, भोवरे बघतात, आणि ओठ वर करून दात बघतात. पुढच्या दातांच्या झिजेवरून वय कळतं. आपल्या मित्रानंही बघितले होते. दात सुरेख होते. पण खायचे दात वेगळे आणि दाखवायचे दात वेगळे, ही म्हण हत्तीवरून आली असली तरी घोड्यालाही लागू पडते. घोडा पुढच्या दातांनी गवत फक्त तोडतो. चावतो तो गालाआडच्या दाढांनी. त्या वर-खाली, डाव्या-उजव्या मिळून चोवीस. प्रत्येक बाजूला सहा, एकमेकींना अशा चिकटून की मध्ये नखसुद्धा जाऊ नये. घोड्याचं तोंड लांब आणि जबडा फार न उघडणारा. त्यामुळे मालकाला त्या दाढा आयुष्यभर दिसत नाहीत. खरं सांगायचं तर बऱ्याच डॉक्टरांनाही दिसत नाहीत. मी त्यांतलाच एक.

या दाढांची गंमत सांगतो. आपल्या विज्ञानाच्या बाईंना आवडेल. गवतात वाळूसारखा सिलिका असतो. तो दात झिजवतो. माणसासारखी छोटी दाढ असती, तर घोडा पाच-सहा वर्षांत बोळका झाला असता. म्हणून निसर्गानं घोड्याला लांबच लांब दाढ दिली. तरुण घोड्यात ती सात-आठ सेंटिमीटर असते आणि तिचा बहुतेक भाग हाडात दडलेला असतो. वरून जेवढी झिजते, साधारण वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, तेवढीच ती आतून बाहेर सरकते. पेन्सिल टोकावी तशी आयुष्यभर पुरते. वरच्या जबड्यातल्या मागच्या दाढांची मुळं तर नाकाशेजारच्या हाडाच्या पोकळीत, म्हणजे सायनसमध्ये असतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. मी ती कॉलेजात पाठ केली होती आणि वेळेवर विसरलो.

आता गोष्ट. एका दिवाळीला मी घरी आलो होतो. मित्र घोडी घेऊन दारात आला. उजव्या नाकपुडीतून पिवळट पांढरा स्राव येत होता आणि त्याला घाण वास होता. हंगाम तोंडावर आलेला. तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं सुरू होणार.

आमच्या धंद्यात घोड्याच्या नाकातून असं काही यायला लागलं की पहिला विचार ग्लँडर्सचा येतो. हा रोग भयंकर आहे. माणसालाही होतो, त्याच्यावर लस नाही आणि २००९ च्या कायद्याप्रमाणे त्याची खबर द्यावीच लागते. निदान पक्कं झालं तर जनावर ठेवता येत नाही. मी घोडी वेगळी बांधायला सांगितली, हात सांभाळायला सांगितलं आणि रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राकडे पाठवायची व्यवस्था केली. उत्तर येईपर्यंत हा माणूस रात्री झोपला नाही. घोडी गेली तर कर्ज उरणार होतं. त्यानं मला एकदाच विचारलं, “मारावी लागंल का रं?” मी म्हटलं, “बघू.” यापेक्षा वाईट उत्तर नसतं.

उत्तर आलं. ग्लँडर्स नाही. आम्ही दोघांनी सुटकेचा श्वास सोडला आणि तिथेच माझी चूक झाली. मोठा रोग नाही म्हणजे साधी सर्दी, असं मी धरून चाललो. पाच दिवसांची इंजेक्शनं दिली. स्राव थांबला. मी खूश. पंधरा दिवसांत परत सुरू झाला. मग जास्त दिवसांची इंजेक्शनं, जास्त महागडी. परत थांबला, परत आला. दत्तजयंतीच्या सुमाराला तिसऱ्यांदा तेच. दोन वराती हातच्या गेल्या. एका ठिकाणी तर नवरदेवाच्या मामानं वास आला म्हणून घोडी मांडवाच्या दारातून परत पाठवली. मित्र मला काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

संक्रांतीला मी गेलो तेव्हा त्याची आई गोठा झाडत होती. शाळेत असताना आपण सगळे त्या काकींच्या हातची भाकर खाल्लेली आहे. त्यांनी मला काही न विचारता टोपली पुढे केली. टोपलीत गवताचे ओले, अर्धवट चावलेले, दोरीसारखे पिळलेले गोळे होते. काकी म्हणाल्या, “हिचा अर्धा चारा उकिरड्यात जातो. आन् वास नाकाला नंतर, आधी तोंडाला येतो. तू तोंडात पाहलंस का?”

मी पाहिलं नव्हतं. तीन महिने, तीन वेळा औषध, हिसारपर्यंत रक्त. आणि घोडीचं तोंड मी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

पाचवीत सर एक कोडं घालायचे, आठवतं? घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं? तिन्हीचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. त्या दिवशी मला त्याचं चौथं उत्तर मिळालं. दाढ का सडली? न पाहिल्यामुळे.

लगेच घोडीला हलकी गुंगी दिली, पाण्यानं तोंड धुतलं, जबडा उघडा ठेवणारी लोखंडी चौकट बसवली, डोक्याला विजेरी बांधली आणि लांब दांड्याचा आरसा आत घातला. वरच्या उजव्या रांगेतली चौथी दाढ. घोड्याच्या कायमच्या दाढांत ही सगळ्यात आधी, साधारण वयाच्या पहिल्या वर्षी येते आणि सगळ्यात जास्त वेळा हीच बिघडते. वरच्या दाढांच्या मधोमध दोन खोल खळगे असतात. हिच्या खळग्यात कीड लागून भोक पडलं होतं आणि त्यात सडलेलं गवत ठासून बसलं होतं. कीड खाली मुळापर्यंत गेली, मुळाशी पू झाला, पू वरच्या सायनसमध्ये उतरला आणि सायनसमधून नाकात. औषधानं पू आटायचा. दाढ तिथेच होती. औषध थांबलं की पू परत.

नाक एकाच बाजूचं वाहत होतं. सर्दी झाली तर दोन्ही नाकपुड्या वाहतात. मुलांनासुद्धा हे कळतं.

आता दाढ काढायची. मी शिकत होतो ते परळला, १८८६ साली सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात. शेजारीच बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय. तेव्हा मुंबईत व्हिक्टोरिया गाड्या चालत होत्या, त्यामुळे गाडीचे घोडे नेहमी बघायला मिळायचे. घोड्याची दाढ काढण्याची जी पद्धत तेव्हा पुस्तकात मुख्य म्हणून असायची, ती अशी: घोड्याला पूर्ण भूल देऊन आडवं पाडायचं, चेहऱ्याच्या हाडाला भोक पाडायचं, दाढेच्या मुळावर लोखंडी पहार टेकवायची आणि हातोडीनं ठोकून दाढ तोंडात पाडायची. दाढ निघायची, पण हाडाचे तुकडे पडायचे, मुळाचे अवशेष राहायचे, जखम महिनोन्‌महिने वाहायची. शिवाय एवढ्या मोठ्या जनावराला आडवं पाडणं आणि पुन्हा उभं करणं यातच जिवाचा धोका. आता पहिली पसंती वेगळ्या पद्धतीला आहे. घोडा उभाच ठेवायचा, गुंगी द्यायची, त्या बाजूची नस बधिर करायची आणि दाढ तोंडातूनच काढायची. ही पद्धत तशी जुनीच, हातोडीच्याही आधीची. चांगली गुंगीची औषधं आली तेव्हा ती परत आली.

मी ही पद्धत स्वतः कधी केली नव्हती. हे कबूल करायलाही मला वेळ लागला. कॉलेजातला एक मित्र शर्यतीच्या घोड्यांचं काम करतो, त्याला फोन केला. तो जानेवारीतल्या एका रविवारी हातात धरायचं एक्स-रे मशीन आणि अवजारांची पेटी घेऊन झरीला आला. एक्स-रेत दिसलं ते काकींनी टोपलीत आधीच दाखवलं होतं: त्याच दाढेच्या मुळांभोवती काळी सावली आणि सायनसमध्ये पाण्याची रेघ.

सकाळी आठला सुरुवात केली. आंब्याच्या सावलीत घोडी उभी. दोन ड्रमांवर पोती रचून तिची मान टेकवली. गुंगी दिली. डोळ्याच्या मागच्या बाजूनं लांब सुई घालून वरच्या जबड्याची नस बधिर केली. आधी दाढेभोवतीची हिरडी सोडवली. मग दाढेच्या पुढच्या आणि मागच्या फटीत पाचरीसारखा चिमटा घालून तो हळूहळू मिटायचा आणि तसाच धरून ठेवायचा, काही मिनिटं. दाढेला हाडाशी धरून ठेवणारे तंतू असतात, ते अशा धीम्या ताणानं दमतात. झटक्यानं दमत नाहीत. त्यानंतर हातभर लांबीची पक्कड दाढेवर घट्ट बसवली, दांडे पट्ट्यानं बांधले आणि हलवायला सुरुवात केली. हलवायचं म्हणजे किती? बघणाऱ्याला काहीच हललं असं वाटू नये इतकं. डावीकडे, उजवीकडे. थांबायचं. परत.

एक तास झाला. काही नाही. माझे खांदे भरून आले. कुंपणाबाहेर अर्धा पाडा जमला होता. मला वाटलं, आता एक जोर लावावा. मी पक्कड आवळून जोर लावला तसा माझा मित्र ओरडला, “थांब! मोडली तर मुळं आत राहतील, मग हातोडीशिवाय मार्ग नाही.” मी थांबलो. त्या क्षणी मी तिला मोडलीच असती. कीड लागलेली दाढ आधीच पोखरलेली असते.

पावणेदोन तासांनी आवाज आला. पुस्तकात त्याला वेगळे शब्द आहेत, पण तुम्हा सगळ्यांना तो आवाज माहीत आहे. आवणीच्या वेळी गुडघाभर चिखलातून पाय उपसताना येतो, तोच. हिरडीच्या कडेला रक्ताचा फेस आला. याचा अर्थ तंतू सुटले. तरीही ओढायचं नाही. आणखी थोडा वेळ हलवायचं. मग पुढच्या दाढेवर एक लोखंडी ठोकळा टेकू म्हणून ठेवला, पक्कड त्यावर टेकवली आणि दाढ सरळ खाली ओढली. ती कण्हल्यासारखा आवाज करत आली. साडेदहा वाजत आले होते.

दाढ हातात आल्यावर पहिलं काम मुळं मोजायचं. वरच्या दाढेला तीन. मी मोजली: एक, दोन, तीन, तिन्ही अखंड. तरी परत एक्स-रे काढला, आत कण राहिला नाही ना म्हणून. खड्डा धुऊन त्याचं तोंड मऊ मसाल्यानं बंद केलं, म्हणजे चारा आत जाऊ नये. सायनस धुण्यासाठी कपाळाच्या हाडाला बोटाएवढं भोक पाडून नळी बसवली. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कारण धनुर्वात घोड्याइतका क्वचितच कुणाला सहज होतो. दुखण्याचं औषध दिलं.

पुढचे आठ दिवस मित्र आणि त्याची बायको रोज नळीतून मिठाचं कोमट पाणी सोडत होते. ते नाकातून बाहेर यायचं. पहिल्या दिवशी पिवळं, वास मारणारं. पाचव्या दिवशी स्वच्छ. त्या संध्याकाळी त्यानं मला फोन केला आणि नुसतं “पाणी साफ” एवढंच बोलून ठेवला.

मार्चपर्यंत खड्डा हिरडीनं भरत आला. काकींच्या टोपलीत गोळे पडेनात. अक्षय्य तृतीयेला घोडी वरातीत होती. कर्ज यंदा फिटलं.

एक गोष्ट मात्र संपत नाही. वरची दाढ गेली, पण तिच्या समोरची खालची दाढ वाढतच राहणार, कारण तिला झिजवणारं आता कुणी नाही. ती उंच झाली तर वरच्या रिकाम्या जागेत घुसेल आणि जबडा अडेल. म्हणून दर सहा महिन्यांनी मी झरीला जाऊन ती कानशीनं घासून येतो. पैसे घेत नाही. तीन महिन्यांच्या फुकट गेलेल्या इंजेक्शनांचे पैसे त्यानं दिले होते. ते परत करायला गेलो तर घेतले नाहीत. तेव्हा आता कानस घासून फेडतो आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीत घोडा असेल, डहाणूच्या बाजूला, माथेरानला, कुठेही, तर एवढं सांगा. हळू खातो, चावलेले गोळे टाकतो, लगामाला मान झटकतो, जबड्याला किंवा गालाला गाठ येते, एकाच नाकपुडीतून घाण वास येतो, यांतलं काहीही दिसलं तर डॉक्टरला म्हणा, आधी तोंड उघडून बघा. आणि दुखत नसलं तरी वर्षातून एकदा बघा. ग्लँडर्सची तपासणी सोडू नका, पण ती झाली म्हणजे संपलं असं समजू नका. हे मी माझ्या सहकाऱ्यांनाही सांगतो. माझीच चूक उदाहरण म्हणून देतो, त्यामुळे कुणाला राग येत नाही.

शेवटी एक छोटं काम. आपल्या प्रयोगशाळेतलं काचेचं कपाट आठवतं? त्यात बरणीतला साप होता, एक विंचू होता आणि कुणाचं तरी जबड्याचं हाड होतं. बाई ते कपाट कुलूपबंद ठेवायच्या आणि आपण काचेला नाक लावून बघायचो. ही बघा, ती दाढ. धुऊन, वाळवून, स्वच्छ करून आणली आहे. लांबी साडेपाच सेंटिमीटर. खळग्यातलं किडीचं भोक अजून दिसतं आणि त्यातून तार घातली तर मुळापर्यंत जाते. मालकानं शाळेला द्यायला सांगितलं आहे. मुख्याध्यापकांना माझी एकच विनंती आहे: ही कपाटात ठेवा, पण कपाटाला कुलूप लावू नका. पोरांना हातात घेऊन बघू द्या.

आता जेवायला चला.